पुडी फेकू नका, पण स्वतः नेऊनही देऊ नका

पत्र

मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. कल्याणला राहतो. माझा भाचा, बहिणीचा एकुलता एक, वय 24, मार्चमध्ये मित्राच्या फ्लॅटवर वाढदिवसाला गेला. रात्री दीडला त्याला दरदरून घाम फुटला, अंग भट्टीसारखं तापलं, मग झटके आले. मित्रांनी तोंडावर पाणी मारलं, लिंबू पाजलं आणि साडेतीनला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तोवर खेळ संपला होता. 'एमडी घेतली होती,' असं त्यातल्या एकाने माझ्याजवळ नंतर कबूल केलं. पोस्टमॉर्टेमच्या कागदावर 'अभिप्राय राखून ठेवला, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयव) जतन' एवढंच आहे. सात महिने झाले. ठाण्यात गेलं की 'सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल) आला की कळवू'. परवा साहेब म्हणाले, 'काका, फार उकरू नका, तुमच्याच पोराचं नाव निघेल.' मेहुणेही तेच म्हणतात. गेल्या आठवड्यात मित्राने परत आणून दिलेली भाच्याची सॅक बहिणीने साफ करायला घेतली, तर आतल्या कप्प्यात पांढरट पावडरची बोटभर पुडी निघाली. बहिणीने ती देवघरात, हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. मेहुणे म्हणतात, संडासात टाका आणि मोकळे व्हा. मला त्या फ्लॅटवाल्या मित्राला सोडायचं नाही. दोन तास तो काय करत होता? आम्ही काय करावं?

— एक मामा

उत्तर

आधी पुडीचं बोलू, कारण बाकी सगळं चार दिवस थांबेल, ती थांबणार नाही.

ती संडासात टाकायची नाही. घरात ठेवूनही चालणार नाही. आणि तुम्ही खिशात घालून ठाण्यातल्या टेबलावर नेऊन ठेवायची, हे तर मुळीच नाही. एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांचा 1985 चा कायदा, माल कुणाच्या ताब्यात सापडला हे आधी बघतो. आज ती तुमच्या बहिणीच्या ताब्यात आहे. वाटेत नाकाबंदीला सापडलात तर तुमच्या ताब्यात. आणि टाकून दिलीत तर भाचा कशाने गेला हे सांगू शकणारी एक मोठी वस्तू गटारात गेली.

तेव्हा असं करा. बहिणीच्या नावाने साधा अर्ज लिहा: अमुक तारखेला मुलाची सॅक घरी आली, अमुक तारखेला साफ करताना आतल्या कप्प्यात पुडी मिळाली, आम्ही ती उघडलेली नाही, अकस्मात मृत्यू क्रमांक अमुकमधला हा पुरावा आहे, घरी येऊन दोन पंचांसमक्ष ताब्यात घ्यावा. हा अर्ज वकिलामार्फत तपास अधिकाऱ्याला द्या, त्याच दिवशी एक प्रत पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात. दोन्हीकडची पोच घ्या, शिक्का आणि जावक-आवक क्रमांकासकट. पोच नसलेला अर्ज म्हणजे तुमच्या मशीनमधून न फाडलेलं तिकीट. पुडीला नुसता हात लागला तरी माणूस मरतो, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते खोटं आहे; पण हुंगू नका, जिभेला लावू नका, दुसऱ्या पिशवीत ओतू नका. डबीसकट जशी आहे तशी राहू द्या.

अर्जात आणखी एक ओळ घाला, आणि ती फार महत्त्वाची आहे: 'यात कोणकोणते पदार्थ आहेत, याची संपूर्ण तपासणी व्हावी.' का, ते सांगते.

आपला कायदा वजनावर चालतो. मेफेड्रोन, ज्याला तुम्ही एमडी म्हणता, ते 2015 च्या फेब्रुवारीत एनडीपीएसच्या यादीत आलं. 2 ग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण', 50 ग्रॅमच्या पुढे 'व्यापारी प्रमाण', आणि जामिनापासून शिक्षेपर्यंत सगळं त्या ग्रॅमवर. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात सांगितलं की पुडीतली भेसळही वजनात धरायची. विक्रेत्यांना चाप लावायला ते बरोबर असेल, पण त्याचा एक परिणाम कुणाच्या फारसा लक्षात येत नाही. खटला उभा करायला 'यात मेफेड्रोन आहे' आणि 'एकूण वजन इतकं' एवढं पुरतं. त्यात आणखी काय मिसळलं होतं, कुठल्या तरी झोपेच्या गोळीची भुकटी होती की त्याहून भयंकर काही, हे विचारायची खटल्याला गरजच उरत नाही. तुमच्या भाच्याच्या मरणाला मात्र नेमका तोच प्रश्न विचारायचा आहे. छाप्याची बातमी नेहमी किलोत आणि कोटीत येते. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना पकडला, तेव्हाचे मथळे आठवा: हजारो कोटी. त्या मालाने कोण कोण गेलं, असा मथळा मी अजून वाचलेला नाही.

आता व्हिसेराकडे. भाच्याचं दहन झालं, दुसऱ्यांदा पोस्टमॉर्टेम होऊ शकत नाही. त्याच्या शरीराचं पुराव्यादाखल जे काही उरलंय ते त्या बरण्यांत आहे: जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड, मिठाच्या दाट पाण्यात बुडवून, वर कापड आणि लाखेचं सील, आणि नशिबाने घेतलं असेल तर वेगळ्या बाटलीत रक्त आणि लघवी. या बरण्या कुठे आहेत, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा. रिपोर्ट कधी येणार, हा दुसरा.

माझ्या एका अशिलाच्या प्रकरणात आम्ही पाच महिने प्रयोगशाळेला दोष देत बसलो होतो. शेवटी मी ठाण्यात मुद्देमालाचं रजिस्टर मागितलं. बरण्या तिथेच, मुद्देमालाच्या खोलीत, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या मागे. घेऊन जायला शिपाई मोकळा नव्हता: आधी गणपतीचा बंदोबस्त, मग निवडणुकीचा. हवालदार कपाटावर टॉर्च मारून म्हणाला, 'मॅडम, सील शाबूत आहे.' सील शाबूतच होतं. एका बरणीतलं पाणी अर्ध्यावर आलं होतं.

म्हणून तुम्ही तीन गोष्टी लेखी मागा: व्हिसेरा कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने प्रयोगशाळेत गेला, प्रयोगशाळेने दिलेला क्रमांक काय, आणि सोबतच्या पत्राची प्रत. माहितीच्या अधिकारात अख्खा रिपोर्ट मागितलात तर 'तपासाला बाधा येईल' म्हणून नाकारतील. नुसत्या तारखा आणि क्रमांक मागितले तर नाकारणं कठीण जातं.

त्या सोबतच्या पत्रात सगळी मेख आहे. प्रयोगशाळा साधारणपणे तेच शोधते, जे तिला शोधायला सांगितलेलं असतं. फॉर्मवर 'अज्ञात विषबाधेचा संशय' असं लिहून गेलं, तर दारू, कीटकनाशकं, नेहमीच्या गोळ्या अशी ठरलेली तपासणी होते. रात्री दीडला अंग तापलं, घाम, झटके, सोबतचे लोक एमडीचं नाव घेतात, ही हकिकत त्या कागदावर असेल तर तपासनीस त्या दिशेने जातो. तुमच्या भाच्याच्या वेळी पहाटे दवाखान्यात मित्रांनी काय सांगितलं असेल? बहुतेक 'जेवण बाधलं'. तेच पंचनाम्यात उतरलं असेल आणि तेच पुढे फॉर्मवर गेलं असेल. तेव्हा ज्या मित्राने तुमच्याजवळ कबुली दिली, त्याचं म्हणणं तपास अधिकाऱ्याने नोंदवून पुरवणी पत्राने प्रयोगशाळेला कळवावं, असा अर्ज द्या. उशीर झालाय, पण निरुपयोगी नाही.

आणि मनाची एक तयारी ठेवा. मेफेड्रोनच्या जातीतली रसायनं साठवलेल्या रक्तात टिकत नाहीत. नीट संरक्षक घातलेला नसेल, बाटली थंडाव्यात ठेवलेली नसेल, तर महिन्यांत विरून जातात. 'विष आढळले नाही' असा रिपोर्ट आला तर ठाण्यात तुम्हाला सांगतील, बघा, काही नव्हतं. त्या वाक्याचा अर्थ 'आम्हाला सापडलं नाही' इतकाच असतो. अशा वेळी पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांकडून अंतिम अभिप्राय लेखी मागायचा, आणि त्यांच्यासमोर लक्षणांची हकिकत आणि पुडीचा रिपोर्ट दोन्ही ठेवायचं. पुडी इथेही कामाला येते, बघा.

गोव्यात 2008 च्या फेब्रुवारीत हणजूणच्या किनाऱ्यावर एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह मिळाला. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हणून विषय मिटवत आणला होता. तिची आई हटून बसली, दुसरं पोस्टमॉर्टेम झालं, अंगावर जखमा आणि शरीरात अमली पदार्थ निघाले. तपास सीबीआयकडे गेला, आणि खालच्या कोर्टाने सोडलेल्या दोघांपैकी एकाला उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षं. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. 'फार उकरू नका' हा सल्ला त्या आईलाही भरपूर मिळाला असणार.

'तुमच्याच पोराचं नाव निघेल' याचा कायदेशीर अर्थ शून्य आहे. सेवनाचा गुन्हा एनडीपीएसच्या कलम 27 खाली होतो, पण मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. भाच्याला कुणी आरोपी करू शकत नाही. चाळीत, नातेवाइकांत बोललं जाईल, ते खरं आहे. त्याच्या नावाने अपघाती विमा असेल तर कंपनी नशेचं कलम पुढे करू शकते, हेही मेहुण्यांना आत्ताच सांगा, नंतर कळायला नको. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. बापाला पोराचं नाव तेवढंच उरलेलं असतं. पण सात महिन्यांत जे बोलायचं ते लोक बोलून झालेत, ही गोष्टही त्यांना हळूच सांगून बघा.

आता तुमचा मित्राबद्दलचा राग. दीड ते साडेतीन तो काय करत होता? घाबरत होता, मामा. फ्लॅट त्याचा, माल बहुधा त्यानेच सगळ्यांसाठी मागवलेला, आणि कायद्याच्या भाषेत चार मित्रांसाठी आणून देणारा हा 'पुरवणारा' ठरू शकतो. 108 ला फोन केला तर मागोमाग पोलीस येतील, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. माणुसकीच्या हिशेबात तो नापास झाला, हे मला मान्य आहे. पण या हिशेबाला आपला कायदाही जबाबदार आहे. रस्त्यावर अपघातात पडलेल्याला दवाखान्यात नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या 134अ कलमाने नेणाऱ्याला संरक्षण आहे, 2019 च्या दुरुस्तीमुळे. त्याला नावही सांगायची सक्ती नाही. नशेने कोसळलेल्या मित्राला नेणाऱ्याला असं काही नाही. एनडीपीएसचं 64अ कलम आहे, पण ते स्वतःहून उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसासाठी, मित्राला रिक्षात घालणाऱ्यासाठी नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने 2007 मध्येच कायदा केला की अशा वेळी मदत मागणाऱ्यावर बाळगल्याचा खटला नाही. बाकीची बहुतेक राज्यं मागोमाग गेली. आपल्याकडे ही एका कलमाची दुरुस्ती आहे. आमदार-खासदाराला निवेदन द्यायचंच असेल, तर 'ड्रग्जमुक्त महाराष्ट्र' असल्या घोषणेचं देऊ नका, या एका कलमाचं द्या.

तो मित्र तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. माल कुणाकडून आला, किती वाजता, पैसे कोणत्या नंबरवर गेले, हे त्याच्या मोबाइलमध्ये आहे, आणि तो आरोपी झाला की त्याचा वकील त्याला पहिला शब्द शिकवेल: गप्प बस. उलट, त्याच्या आई-वडिलांना भेटून, त्याने स्वतंत्र वकील घेऊन दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब द्यावा असं पटवता आलं, तर धागा विक्रेत्यापर्यंत जातो. गरज पडली तर सरकारी पक्ष त्याला माफीचा साक्षीदार करू शकतो. हे तुम्हाला आज गिळता येणार नाही. पण कुणाला सोडायचं नाही हे नीट ठरवा: वीस-बावीस वर्षांच्या घाबरट पोराला, की तोच माल दुसऱ्या दिवशी तिसऱ्याला विकणाऱ्याला?

विक्रेत्याला 'विकलं' म्हणून पकडणं आणि 'मारलं' म्हणून पकडणं यात फार अंतर आहे. सदोष मनुष्यवध, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 105, लावायचं तर त्याला ठाऊक होतं हे दाखवावं लागतं: या मालाने माणूस मरू शकतो. मालवणीचं विषारी दारूकांड आठवतं? 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या लक्ष्मीनगरात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली. एकाच वस्तीत, दोन-चार दिवसांत, दवाखान्यांच्या दारात रांग. म्हणून सदोष मनुष्यवध लागला, म्हणून गुन्हे शाखा मिथेनॉलच्या मागावर पार गुजरातपर्यंत गेली. नऊ वर्षांनी, 2024 मध्ये, चौघे दोषी ठरले आणि दहा सुटले.

आता हाच शंभराचा आकडा वर्षभरात विखुरला असता तर? एक भिवंडीत, एक पनवेलला, एक नाशिकच्या हॉस्टेलवर, एक तुमच्या भाच्यासारखा. प्रत्येकाची अकस्मात मृत्यूची नोंद (एडीआर) वेगळी, वेगळं ठाणं, वेगळा हवालदार, प्रत्येकावर 'अभिप्राय राखून'. कुणी कधी बेरीजच करत नाही. पुडी आणि व्हिसेरा एकाच प्रयोगशाळेत गेले तरी वेगळ्या विभागात जातात, वेगळ्या गुन्ह्याचे क्रमांक घेऊन. एकाच घाण्यातल्या मालाने चार पोरं गेली, हे कागदावर कधी एकत्र येतच नाही. आणि ते एकत्र आल्याशिवाय 'त्याला ठाऊक होतं' हे सिद्ध कसं होणार? पहिल्या मरणानंतरही तो विकत राहिला, हाच तर सगळ्यात मोठा पुरावा.

अर्जेंटिनात 2022 च्या फेब्रुवारीत ब्युनोस आयर्सच्या उपनगरांत भेसळीच्या कोकेनने चोवीस जण गेले. हत्तीला गुंगी आणणारं कार्फेंटानिल त्यात निघालं. तिथल्या सरकारने काय केलं? तपास पुरा व्हायच्या आत जाहीर सांगितलं: गेल्या चोवीस तासांत ज्यांनी माल घेतलाय त्यांनी फेकून द्या. नैतिक प्रवचन नाही, आधी जीव. आपल्याकडे असा इशारा द्यायला अधिकार कुणाला, हेच ठरलेलं नाही.

एक जुनी आठवण जाता जाता. मुंबईत गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत कॉरोनर होता, 1871 च्या कायद्याचा. संशयास्पद मृत्यू झाला की त्याच्यासमोर उघड चौकशी व्हायची, घरचे लोक हजर असायचे, डॉक्टरला प्रश्न विचारता यायचे. आम्ही नवशिके वकील त्या कोर्टाला हसायचो, जुनाट म्हणून. आता अकस्मात मृत्यूची फाइल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चालते आणि आयुक्तालयाच्या हद्दीत बहुधा एसीपींच्या टेबलावर बंद होते, घरच्यांना न कळता. आता हसू येत नाही.

पुढच्या वाटेचं थोडक्यात. तपास अधिकारी आणि उपायुक्त यांना अर्ज देऊन महिनाभर हालचाल झाली नाही, तर त्याच संहितेच्या कलम 175(3) खाली दंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह, गुन्हा नोंदवून तपासाचा आदेश मागायचा. हा अर्ज आईच्या सहीने जाऊ द्या. मामा कितीही धावला तरी कायद्याला आई जवळची. गुन्हा नोंदला गेला की तपास कुठवर आलाय हे 90 दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आत्ताच्या एडीआरमध्ये ते नाही. भाच्याचा मोबाइल घरी असेल तर लॉक उघडायचा प्रयत्न करू नका, काही पुसू नका. तोही पंचनाम्यानेच द्या. सोसायटीचं सीसीटीव्ही सात महिन्यांनी मिळणार नाही, त्यासाठी चकरा मारू नका. यूपीआयची नोंद मात्र बँकेत असते.

वकील गाठा आणि पुडीचा अर्ज या सोमवारीच जाऊ द्या. पंच म्हणून शेजारचं कुणी शांत माणूस बघून ठेवा, आणि त्या वेळी ताईंना एकट्या बसवू नका. हवालदार विचारेल, 'इथे कुणी ठेवली?' तेव्हा मेहुण्यांनी मध्ये पडायचं नाही, ताईंनी 'मी' म्हणायचं आणि का ठेवली तेही सांगायचं. डबी पुडीबरोबर मुद्देमालात जाईल, परत मिळायला वर्षं लागतील. हळदीकुंकवाची आहे, म्हणून हे त्यांना आधी सांगून ठेवा.